आटगावचा शरद

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या राशींशेजारी हिरव्यापिवळ्या भाताच्या लोंब्यांच्या जुड्या मांडलेल्या असतात. गिऱ्हाईक झेंडूचा भाव करते, आपट्याची पाने हिशेबात धरते आणि लोंब्यांची जुडी बहुधा वर घालून मागते. दुसऱ्या दिवशी ती जुडी तोरणात आंब्याच्या पानांमध्ये डोलू लागली की घरातील एखादे मूल विचारते, "हे काय?" बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर 'भात' एवढ्या एका शब्दात संपते. शहरातील सुशिक्षित कुटुंबात शरद ऋतूचा प्रवेश होतो तो एवढाच. दाराच्या चौकटीपर्यंत, आणि तोही वर घालून दिलेला.

ज्यांना इंग्रजी कवितेची गोडी आहे त्यांच्या मनात तर शरदाचे एक तयार चित्र असते. पेटल्यासारखे लाल दिसणारे वृक्ष, पायांखाली पाचोळा, धुके, आणि सर्वांवर पसरलेली एक गोड उदासीनता. हे चित्र खोटे नव्हे. परंतु ते इंग्लंडचे आहे, कॅनडाचे आहे. ते डोळ्यांपुढे धरून आश्विनात सह्याद्रीच्या पायथ्याशी गेलेला मनुष्य निराश होऊन परततो आणि आपल्या देशात शरद नाहीच, पावसाळा संपला की उकाडा व उकाड्यानंतर थोडीशी थंडी, असा निकाल देऊन मोकळा होतो. आपल्या कवींनीही त्याला फारसे सावरून धरलेले नाही. मराठी कवितेने श्रावणाचे जितके लाड केले त्यांचा चौथा हिस्साही आश्विनाच्या वाट्याला आला नाही. संस्कृत कवींची गोष्ट निराळी. कालिदासाने 'ऋतुसंहारा'चा तिसरा सर्ग शरदाला दिला आहे, आणि त्या सर्गात पानगळीचा शोक नाही. काशाचे शुभ्र तुरे, हंस, पिकलेली साळ आणि निर्मळ चंद्र आहे. म्हणजे आपल्याकडचा शरद ओळखण्याच्या खुणा फार पूर्वीच नोंदल्या गेल्या आहेत. त्या प्रत्यक्षात पडताळून पाहण्यास फार दूर जावे लागते असेही नाही. कसाऱ्याच्या गाडीने दोन-सव्वादोन तास पुरतात.

मुंबईपासून सुमारे ९५ किलोमीटरवर, आसनगाव आणि खर्डी यांच्या दरम्यान, आटगाव हे लहानसे स्थानक आहे. लोहमार्ग १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोहोचला आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला गेला. तेव्हापासून नाशिककडे जाणाऱ्या असंख्य उतारूंनी आटगाव खिडकीतून पाहिले असेल. उतरले त्यांतले फार थोडे. श्रोत्यांपैकी ज्यांनी हा प्रवास आश्विनात केला असेल त्यांना आठवेल की वासिंद मागे पडल्यावर डाव्या हातास माहुलीचा डोंगर दिसू लागतो आणि पुढे कितीतरी वेळ तो पाठ सोडीत नाही. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाही वाचविण्याची आपली अखेरची झुंज ज्या किल्ल्यावर दिली तोच हा माहुली. त्याच्या सुळक्यांना लोकांनी नवरा, नवरी, भटोबा अशी नावे देऊन सगळे वऱ्हाडच दगडात उभे केले आहे. पावसाळ्यात हे वऱ्हाड ढगांत दडलेले असते. ज्या सकाळी ते पायापासून माथ्यापर्यंत स्वच्छ दिसते, कड्यावरील प्रत्येक घळ मोजता येते, ती आटगावातली शरदाची पहिली सकाळ म्हणावी.

ही सकाळ पंचांगातील तिथीवर येईलच असे मात्र नाही. मोसमी वारे मुंबई परिसरातून माघार घेण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी सप्टेंबरची अखेर अशी धरीत असत; २०२० पासून हवामानखात्याने ती ८ ऑक्टोबर अशी ठरविली. त्याच २०२० साली आश्विन अधिक होता, म्हणजे आश्विनच दोन झाले. निसर्गाचा शरद या दोन्ही वह्या बाजूस ठेवून येतो. कधी नवरात्रात येतो, कधी दसरा उलटून गेल्यावर.

मराठी भाषेने या ऋतूसाठी एक क्रियापद जणू राखून ठेवले आहे. ते क्रियापद म्हणजे निवळणे. गढूळ पाणी निवळते, भरलेले आभाळ निवळते, रागावलेला मनुष्यही निवळतो. आटगावच्या शरदाचे सारे सौंदर्य या एका क्रियेत सामावलेले आहे असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. युरोपातील शरद म्हणजे गळून पडणे. आपला शरद म्हणजे तळ दिसू लागणे.

प्रथम पाण्याचेच पाहावे. या भागात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. आषाढात ज्या ओढ्याचे पाणी चहासारखे तांबडे होऊन लोटत होते, तोच ओढा आश्विनात इतका नितळ होतो की तळाच्या काळ्या गोट्यांवरून माशाची सावली सरकताना दिसते. हा पालट एका दिवसात होत नाही. पहिल्या पावसात जमीन उघडी असते. प्रत्येक थेंब मातीचा कण उखडून ओढ्यात नेतो. पुढे गवत वाढते, त्याच्या मुळ्या माती धरून ठेवतात, आणि पाऊस ओसरल्यावर ओढ्याला जे पाणी मिळते ते पृष्ठभागावरून धावत आलेले नसून डोंगराच्या पोटातून झिरपत आलेले असते. शिवाय वेग मंदावला की पाण्याची कण वाहून नेण्याची शक्ती झपाट्याने कमी होते व उरलासुरला गाळ खाली बसतो. प्राचीनांनी या घटनेचा संबंध अगस्त्याच्या ताऱ्याशी जोडला. अगस्ती उगवला की पाणी निर्मळ होते, अशी संस्कृत कवींची समजूत आहे. तारा पाणी गाळीत नाही हे उघड आहे. परंतु वेळापत्रक म्हणून ही समजूत अगदी बिनचूक आहे. भाद्रपदाच्या सुमारास अगस्ती पहाटे दक्षिणेस दिसू लागतो आणि नेमके त्याच आठवड्यांत ओढे निवळू लागतात. ऑक्टोबरच्या मध्यास पहाटे पाचच्या सुमारास आटगावच्या एखाद्या बांधावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले तर क्षितिजापासून सुमारे १८ अंशांवर जो मोठा, शांत तारा दिसतो तो अगस्ती. संपूर्ण आकाशात त्याच्याहून तेजस्वी तारा एकच, व्याध. आणि तोही त्या वेळी त्याच्याच डोक्यावरच्या बाजूस झगमगत असतो. शहरात इमारतींमुळे इतक्या खालचा तारा सहसा दृष्टीस पडत नाही. (पाणी निवळविणारे एक झाडही आपल्याकडे आहे आणि त्याचे नावच निवळी. त्याची बी माठाच्या आतल्या बाजूस उगाळली म्हणजे गाळ तळाशी बसतो. ताऱ्यापेक्षा हा उपाय अधिक खात्रीचा.)

आकाशाचा निळा रंगही याच क्रियेचे फळ आहे. हवेचे सूक्ष्म रेणू सूर्यप्रकाशातील निळा भाग अधिक विखुरतात म्हणून आकाश निळे दिसते, हे शाळेत शिकविले जाते. परंतु हवेत धूळ व धूर असला म्हणजे ते मोठे कण सगळेच रंग सारख्या प्रमाणात विखुरतात आणि आकाशाला पांढुरका, मळकट रंग येतो. वैशाखातील आकाश असे असते. चार महिन्यांच्या पावसाने ही धूळ धुऊन निघाली म्हणजे उरते ते रेणूंचे स्वतःचे निळेपण. आटगावहून पूर्वेकडे पाहता सह्याद्रीची रांग या दिवसांत हाताच्या अंतरावर आल्यासारखी भासते. ती जवळ येत नाही. मधला पडदा सरतो.

मात्र या निर्मळतेची किंमत दुपारी मोजावी लागते. ढगांचे छत्र निघून गेलेले, जमीन ओली, वारा पडलेला. त्यामुळे ऊन अंगाला चिकटते. मुंबईत ऑक्टोबरातील दुपारचे सरासरी तापमान जुलै-ऑगस्टपेक्षा सुमारे तीन अंशांनी अधिक असते. आयुर्वेदाने शरदाला पित्तप्रकोपाचा काळ मानले ते उगीच नव्हे. तेव्हा दुपारी बारा वाजता गाडीतून उतरून, 'सौंदर्य कोठे आहे?' असे घाम पुशीत विचारणाऱ्याचे समाधान करणे कोणालाही शक्य नाही. शरद पाहण्याच्या वेळा दोन, सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळी आटगावची म्हसरेसुद्धा पाण्यात बसून असतात.

सकाळ विशेष पाहण्यासारखी असते. रात्री आकाश निरभ्र असल्यामुळे जमिनीची उष्णता विनाअडथळा वर निघून जाते; गवताची पाती भोवतालच्या हवेपेक्षा अधिक गार होतात, आणि त्या गार पात्यांवर हवेतील वाफ थेंबांच्या रूपाने जमते. दव पडते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते कोठूनही पडत नाही, जागच्या जागी जन्मते. गार हवा जड असल्यामुळे ती उतारावरून ओघळून खोलगट भागांत साचते. म्हणून पहाटेचे धुके आधी ओढ्याच्या पात्रात व भाताच्या खाचरांत उतरते. टेकाडावरील झोपड्या आणि मोहाचे वृक्ष तेवढे त्याच्यावर तरंगताना दिसतात. उन्हाची पहिली तिरीप आली म्हणजे आणखी एक आश्चर्य दृग्गोचर होते. दोन झाडांच्या मध्ये, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक मोठे जाळे सोनेरी झळकू लागते. रानातील मोठ्या कोळ्याचे ते जाळे. त्याचे सूत खरोखरीच पिवळे असते. तो दवाचा किंवा उन्हाचा आभास नव्हे. जाळ्याच्या मध्यभागी बसलेली, हाताच्या पंजाएवढी पसरलेली असते ती मादी. नर शोधण्यास भिंग लागावे इतका लहान असतो व तो जाळ्याच्या एका कडेस जीव मुठीत धरून राहतो. पावसाळाभर किडे खाऊन ही मादी आश्विनात पूर्ण वाढीस पोहोचते. म्हणून हे दृश्य याच दिवसांचे. वाटसरूने काठीने ते जाळे तोडण्यापूर्वी क्षणभर थांबावे हे बरे.

आता अरण्याकडे वळू. आटगावच्या वायव्येस तानसा तलाव आणि त्याच्या भोवती साग, ऐन, बोंडारा, कळंब, धावडा, पळस, कुसुंब यांचे रान आहे. १९७० साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ऑक्टोबरात या रानाकडे दुरून पाहणाऱ्यास सागाची झाडे तपकिरी पडलेली दिसतात, आणि 'ही पाहा आपलीही पानगळ!' असे त्याला वाटते. जवळ जाऊन एक पान हातात घ्यावे. पान गळण्यास आलेले नसते. ते खाल्लेले असते. एका लहानशा पतंगाची अळी सागाच्या पानातील शिरा तेवढ्या ठेवून मधला सगळा हिरवा गर खाते व पानाची जाळी करून सोडते. उजेडाकडे धरल्यास त्या जाळीतून आकाशाचे शेकडो तुकडे दिसतात. कोणत्याही जरतारी कापडावर असे नाजूक काम नसेल. आणि ते केले आहे एका किड्याने, पोट भरण्यासाठी. झाडाचे मात्र फारसे बिघडत नाही, कारण वर्षाची वाढ उरकून घेतल्यानंतरचा हा हल्ला असतो. त्याच झाडाच्या शेंड्याला फिकट पिवळसर फळांचे घोस लागलेले असतात.

खरी पानगळ येथे पौषानंतर सुरू होते व ती फाल्गुनापर्यंत चालते. तिचे कारणही युरोपाहून वेगळे. लंडनमध्ये डिसेंबरातील दिवस आठ तासांहूनही लहान होतो. प्रकाश कमी, थंडी फार, तेव्हा पाने सांभाळणे झाडाला परवडत नाही. आटगावचा लहानात लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो. येथे प्रकाशाची वाण नाही, वाण आहे पाण्याची. जमीन कोरडी पडू लागली म्हणजे पानांवाटे होणारा पाण्याचा खर्च थांबविण्यासाठी साग व ऐन आपली पाने टाकून देतात. आणि मौज अशी की युरोपात गळत्या पानावर जो लाल रंग चढतो तो येथे येतो उगवत्या पानावर. चैत्राच्या तोंडाशी कुसुंबाला फुटणारी पालवी इतकी लाल असते की झाड फुलले आहे असा भास होतो. निरोपाचा रंग एका देशात, स्वागताचा दुसऱ्या देशात, रंग तोच. ज्याला लाल पानेच पाहावयाची असतील त्याने आश्विनात नव्हे, होळीनंतर यावे.

आश्विनाचे रंग निराळे आहेत आणि ते बहुतांशी जमिनीलगत आहेत. कुर्डूचे रुपेरी-गुलाबी तुरे पडीक जागांवर एकदम उभे राहतात. वरकस जमिनीवर खुरासणी फुलते आणि उतारावर पिवळी चादर टाकल्यासारखी दिसते. नाचणीची कणसे मूठ मिटू लागतात. ओलसर जागी काशाचे पांढरे तुरे वाऱ्याच्या दिशेने मान करतात. वाटेच्या कडेने खुळखुळ्याच्या झुडपावर निळसर पट्ट्यांची फुलपाखरे दाटीने बसलेली आढळतात. ती बहुधा नर असतात व मधासाठी आलेली नसतात. त्या झुडपातील एक कडू द्रव्य ती शोषून घेतात. तेच मादीला आकर्षित करण्यास आणि शत्रूच्या तोंडी बेचव लागण्यास त्यांच्या उपयोगी पडते. विजेच्या तारेवर एखादा चास बसलेला असतो. बसलेला असताना मळकट आणि उडताच निळ्या रंगाचा लखलखाट. दसऱ्याच्या दिवशी त्याचे दर्शन शुभ मानतात. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड तर १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ कोणाला दिसलेच नव्हते. ते नामशेष झाले असे मानीत. १९९७ साली ते नंदुरबारकडे पुन्हा सापडले आणि २०१४ साली तानसाच्या याच रानात आढळले. मुंबईच्या इतक्या जवळ ते राहात होते आणि कोणाचे लक्ष नव्हते.

तथापि आटगावच्या शरदाचा प्राण रानात नाही. तो भाताच्या खाचरात आहे. बांधांनी विभागलेली ही खाचरे श्रावणात एकसारखी हिरवी असतात. आश्विनात ती वेगवेगळी होऊ लागतात. हळवे भात आधी पिवळे होते, निमगरवे त्याच्या मागून, आणि सखल, ओलीच्या जमिनीतील गरवे भात दिवाळी आली तरी हिरवेच असते. टेकाडावरून पाहिले म्हणजे पोपटी, पिवळा, सोनेरी, तांबूस अशा ठिगळांची एक मोठी गोधडी खाली अंथरलेली दिसते. हा रंगपालट पाहण्यापेक्षा समजून घेण्यात अधिक आनंद आहे. भाताचे फूल सकाळच्या प्रहरी फार तर तास-दोन तास उघडते, बहुधा आपल्याच परागांनी त्याचे परागीकरण होते आणि ते मिटते. त्यानंतर सुमारे तीस दिवसांत दाण्यात आधी पांढरे दूध भरते, मग ते घट्ट होत होत तांदूळ बनते. या तीस दिवसांत पात आपल्याजवळ साठविलेले सत्त्व दाण्याकडे पाठवीत राहते. हिरवे द्रव्य मोडून त्यातील नत्रही दाण्याच्या स्वाधीन होते, आणि मागे उरतो तो आधीपासूनच पानात असलेला, हिरव्याखाली झाकलेला पिवळा रंग. म्हणजे खाचराचे सोनेरीपण हे पानाने आपले सर्वस्व दाण्याला देऊन टाकल्याचे चिन्ह आहे. लोंबी वाकते ती त्या ओझ्याने.

या गोधडीच्या कडेला उभा असलेला शहरातील पाहुणा आणि त्याच बांधावर उभा असलेला शेतकरी यांची दृष्टी मात्र एकाच ठिकाणी लागलेली नसते. संध्याकाळी चारच्या सुमारास सह्याद्रीच्या माथ्यावर पांढरे ढग चढू लागतात; फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे गोल, कडेला सोन्याची किनार. पाहुणा त्यांचे छायाचित्र घेतो. शेतकरी त्यांच्याकडे पाहून बायकोला हाक मारतो आणि दोघे मिळून कापून पसरलेले भात गोळा करावयास धावतात. परतीचा पाऊस याच ढगांतून, विजांसह, तासाभरात कोसळतो. कापलेले भात दोन-चार दिवस खाचरातच उन्हात वाळावे लागते. त्या दिवसांत ते भिजले तर दाण्याला लोंबीवरच मोड येतात आणि पेंढा काळा पडतो. तो तांदूळ माणसाच्या कामाचा राहात नाही, तो पेंढा गुराच्या. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे चक्रीवादळ उठले. ते किनाऱ्याला न लागता पश्चिमेस निघून गेले. परंतु त्या सुमारास जो पाऊस झाला त्याने ठाणे व पालघर जिल्ह्यांतील आणि एकंदर कोकणातील उभी व कापलेली भातशेती पाण्यात घातली. लक्ष्मीपूजन त्या वर्षी २७ ऑक्टोबरला होते.

म्हणून काही जण म्हणतात, ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याला सौंदर्य दिसत नाही. सौंदर्य हा पाहुण्याचा चोचला आहे. हे मत ऐकण्यास भारदस्त असले तरी खरे नाही. आश्विनी पौर्णिमेला शहरात कोजागिरी म्हणतात व मसाल्याचे दूध आटवितात. कोकणात तिचे दुसरे नाव नव्याची पौर्णिमा. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने, झेंडू असे एकत्र बांधून त्याचे 'नवे' करतात आणि ते दाराला, देव्हाऱ्याला, बैलगाडीला बांधतात. ज्याला सौंदर्य दिसत नाही तो मनुष्य आपल्या धान्यातील उत्तमोत्तम लोंब्या निवडून दाराला कशाला बांधील? आदिवासी पाड्यांवर पुढे वाघबारस येते; गुरे राखणारे जिवावरच्या प्राण्यालाही त्याचा मान देतात. फरक एवढाच की शेतकऱ्याचे पाहणे हिशेबासकट असते. चंद्राभोवती खळे पडले आहे की नाही हे तो आधी पाहतो, चंद्र मागाहून. आणि पाहुण्याने त्याच्याकडून शिकावयाचे ते नेमके हेच. ढगाची किनार सोनेरी आहे हे खरे आणि त्याखाली कापलेले भात आहे हेही खरे. दोन्ही एकदम पाहता आली म्हणजे शरद दिसू लागला.

एरवी हिशेबासकट पाहण्याची सवय मुंबईलाही आहेच. महापालिका दर वर्षी १ ऑक्टोबरला आपल्या सात तलावांतील साठा मोजते. ते सगळे भरले म्हणजे १४.४७ लाख दशलक्ष लिटर पाणी होते आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत नगराची चिंता मिटते. या साठ्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसा धरणाचे. आटगावच्या एका अंगास ही भातसा, दुसऱ्या अंगास तानसा. तानसाचे दगडी धरण १८९२ साली पुरे झाले आणि तेथील पाणी पंपावाचून, निव्वळ उताराच्या बळावर मुंबईस येऊ लागले. शरदात हा तलाव काठोकाठ असतो. दोन्ही काठांचे रान त्यात उलटे उभे राहते, आणि वारा नसला तर कोणते झाड खरे व कोणते पाण्यातले हे ठरविणे कठीण जाते. त्या प्रतिबिंबाकडे पाहणाऱ्या मुंबईकराने एवढे ध्यानात घ्यावे की तो ज्याला दृश्य समजतो आहे ते त्याचेच पुढील आठ महिन्यांचे पिण्याचे पाणी आहे.

ते ज्यांच्या डोंगरांवर पडले त्यांच्याजवळ मात्र ते थांबत नाही. येथील खडक बसाल्टाचा, वरची माती पातळ. पोटात पाणी धरून ठेवण्याची डोंगराची शक्ती थोडी. कार्तिकात ओढ्याची धार बोटाएवढी होते. मार्गशीर्षात ती डोहांपुरती उरते. उन्हाळा आला म्हणजे ज्या शहापूर तालुक्यात ही धरणे आहेत त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हा काही निसर्गाचा ऋतुधर्म नव्हे.

दिवाळी झाली, भात खळ्यावर आले, झोडणी उरकली, पेंढ्याची उडवी रचली गेली, की पाड्यांवर आवराआवर सुरू होते. रोजगार देणारे पीक आता जमिनीत नसते. कातकऱ्यांची कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या, पोरे घेऊन कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. ती परततील मृगाच्या आधी. सकाळच्या गाडीला आटगावच्या फलाटावर त्यांची गाठोडी ओळीने ठेवलेली दिसतात. त्याच गाडीतून शहरातील पाहुणे उतरत असतात, कारण आता हवा गार झाली आहे. मागे पाड्यावर कुडाच्या झोपड्यांची दारे सुतळीने बांधलेली असतात. एखाद्या दारावर आश्विनातले नवे अजून वाऱ्याने हलत असते. त्यातले दाणे चिमण्यांनी केव्हाच टिपलेले असतात.